चुंबकावरचं कुसळ

मी सोलापुरात राहिलो तो एका ट्रकचा मागचा क्राऊन फुटला म्हणून. नाहीतर हे गाव माझ्या वाटेवरचं नुसतं चहाचं ठिकाण होतं. आमचं गाव वर्धेकडं, देवळीच्या अलीकडं. बाप गेला, आठवीचं वर्ष अर्ध्यात सुटलं आणि मी सरकी नेणाऱ्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. एका खेपेला सोलापूरच्या नाक्याजवळ मागून कडाड असा आवाज आला आणि ट्रक जागीच बसला.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून आलेला जोर तिथं वळतो आणि दोन्ही चाकांना वाटला जातो. डिफरन्शियल म्हणतात त्याला. त्याच्या पोटात क्राऊन आणि बाकीची दातेरी चाकं तेलात बुडून फिरत असतात. आमच्या ट्रकच्या पोटातलं तेल वाटेत कुठंतरी गळून गेलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मालकानं ट्रक उभा होता तिथंच विकून टाकला, ड्रायव्हर त्याच्या गावी निघून गेला, आणि मी ज्या गॅरेजात ट्रक ओढून नेला होता तिथंच राहिलो. गॅरेज उस्तादचं. त्यानं चार दिवस जेवू घातलं, मग एका सकाळी मला स्कूटरवर मागं बसवून डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर नेलं आणि म्हणाला, "साहेब, पोरगा भित्रा है. गाडी संभालने के लिए भित्राच अच्छा."

एवढ्या एका वाक्यावर माझं आयुष्य उभं आहे. मी ते विसरत नाही.

डॉक्टरसाहेब डोळ्यांचे डॉक्टर. घरात कानडी, बाहेर मराठी. मला पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. वयानं मी त्यांच्या नातवासारखा. गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, लायसन त्यांनी काढून दिलं, गाडीच्या शेडवरची खोली दिली. आणि ती गाडी. जुनी जर्मन गाडी, काळी, लांबलचक. त्यांनी ती घेतली तेव्हा लोक बघायला यायचे म्हणे. आता तिच्या कातडी सीटांना भेगा पडल्यात, काच वर जाताना रडते, पण मागची सीट अजून दिवाणासारखी आहे. माणूस पाय दुमडून आडवा होऊ शकतो.

त्या मागच्या सीटवर माझा डोळा होता, आणि कारण होतं माय.

माय गावात एकटी. मी वर्षातून एकदा बसनं जायचो, चार दिवस राहायचो, परत यायचो. तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. एकदा फोनवर सहज बोलली, "तू कुठी निजतं रे, ते एखांद्या डाव पाह्यचं हाये मले."

"खोली हाये मा, चांगली."

"तू सांगतं ते आयकलं. मी पाह्यलं नाही ना."

मी तिला आणायचं ठरवलं आणि त्याच साली ती अंगणात पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चालायला लागली, पण तासभर बसली की कंबर धरते. एसटीत रात्रभर कसं बसवणार? रेल्वेत डबे बदलायचे, जिने चढायचे. मग ते तसंच राहिलं. आमच्याकडून निघालेला रस्ता नांदेड, लातूर करत तुळजापूरला येतो आणि तिथून सोलापूर हे इतकं. सरळ रस्ता. तो सरळ आहे याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

डॉक्टरसाहेबांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं असेल ते उस्तादनं. एका सकाळी पेपर वाचता वाचता, चष्म्यावरून न बघताच म्हणाले, "तम्मा, आईला आणायची म्हणे."

मी हातातलं फडकं झटकलं.

"गाडी ने की. ती काय माझ्यासोबत वर येणार हाय? पण एवढ्या लांब नेण्याआधी उस्तादला दाखव. मागचं तेल कधी बदललंय, मला तर आठवत नाही."

मलाही आठवत नव्हतं. इंजिनाचं तेल आम्ही नेमानं बदलत होतो. मागच्या गोळ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. आणि मी, ज्याचं सगळं भलंबुरं त्या गोळ्यापायी झालं होतं, मी रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून डाग पडलाय का बघत होतो. डाग नसला की खूश. पुठ्ठा कोरडा म्हणजे सगळं ठीक, एवढीच माझी अक्कल.

त्या दिवसापासून मला आवाज ऐकू यायला लागला. मागून, बारीक, गुंऽ असा. साहेबांना विजापूर रोडवर त्यांच्या मित्राकडं सोडायला गेलो की नाही यायचा, आणि बायपासला लागलो की यायचा. मी काच खाली करायचो, वर करायचो, पंखा बंद करायचो. मायला फोनवर सांगितलं, थोडं गाडीचं काम आहे, मग येतो. ती म्हणाली, "करून घे बापा, घाई कायची?" पण दुसऱ्याच दिवशी तिनं शेजारणीला आपली पिशवी भरायला लावली होती. शेजारणीनंच मला ते सांगितलं.

उस्तादचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक खड्डा आणि एक कडुलिंब. मी गाडी खड्ड्यावर घेतली. "गरम करके लाया?" त्यानं विचारलं. तेल गार असलं की घट्ट बसतं, आणि तळाचा गाळ तळालाच राहतो, म्हणून गाडी थोडी फिरवून आणायची असते. मी अक्कलकोट रोडनं फिरवून आणली होती. दोनदा.

"दो बार? वर्धेवाले, तेल गरम करना था. तेरेकू नहीं."

उस्ताद खाली उतरला. मी पाना घेऊन सोडायच्या बोल्टाला हात घातला, तर त्यानं माझ्या मनगटावर चापट दिली.

"नक्को. पहले ऊपर का."

गोळ्याला दोन तोंडं असतात. एक वर, तेल भरायचं. एक खाली, सोडायचं. उस्तादच्या गॅरेजात नियम असा की भरायचं तोंड उघडल्याशिवाय सोडायच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही. खालचं सोडलं, तेल गेलं, आणि मग वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर? गाडी रिकाम्या पोटानं खड्ड्यावर अडकली. "घालायची सोय बघूनच काढायचं," हे तो मराठीत म्हणायचा. का कोण जाणे, उपदेश तो मराठीतच करतो आणि शिव्या दक्खनीत देतो.

वरचा बोल्ट काही हलेना. त्यानं गंज सोडवायचं औषध मारलं, हातोडीनं चारी बाजूंनी हलकं टकटक केलं आणि चहा पिऊन आला. परत टकटक. मी खड्ड्याच्या काठावर बसून बघत होतो. तो बोल्ट हलला नाही तर माय येणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

"श्वास घे की रे," उस्ताद खालून म्हणाला. "तू थांबलास तर हा पण थांबतोय."

शेवटी कर्र करून तो सुटला. मग खालचा सोडला. घमेल्यात तेल पडायला लागलं. काकवीसारखं, जाड, काळं. वास तर असा की सडलेला लसूण कुणी जाळतंय. तो वास एकदा हाताला लागला की साबणानं जात नाही. ट्रकवर असताना माझ्या अंगाला तोच असायचा. माय मला अंगणातच अंघोळ घालायची आणि म्हणायची, आधी हा क्लीनर धुऊन निघू दे, मंग माहा पोरगा घरात घेतो.

खालच्या बोल्टाच्या टोकाला चुंबक असतो. चाकं एकमेकांना घासतात, त्यांचा लोखंडी चुरा तेलात उतरतो आणि त्या चुंबकाला चिकटून राहतो. उस्तादनं बोल्ट उजेडात धरला. त्यावर करड्या रंगाचा लेप होता, काजळासारखा मऊ. त्यानं दोन बोटांत घेऊन चोळला.

"ये ठीक है. इतने साल में इतना होताच."

मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात त्याचं बोट थांबलं. त्यानं लेप पुसला. खाली एक कुसळ होतं. जोंधळ्याच्या कणसाचं असतं तेवढं, पण लोखंडी. चकाकत होतं.

चुरा म्हणजे घासणं, आणि घासणं चालतं. तुकडा म्हणजे तुटणं. दाताचा कोपरा उडाला असेल तर आज कुसळ, उद्या दात, आणि मग नांदेडच्या पुढं कुठंतरी उन्हात कडाड. मागच्या सीटवर कंबर धरून बसलेली माय मला दिसायला लागली.

"आठवड्यात येतो म्हणून सांगू का मायला?" मी विचारलं.

"क्या सांगता? अभी मेरेकूच नहीं मालूम." त्यानं ते कुसळ नखानं काढून कागदावर ठेवलं. "हे जुनं पण असू शकतंय. गाडी नवी असताना उडालेलं. गाळात बसून राहिलं, आज बाहेर आलं. बघायची एकच रीत आहे. नवं तेल भरायचं, घाट चढवायचा, परत उघडायचं. दुसरं कुसळ निघालं तर गाडी कुठं जात नाही. हौ?"

"हौ."

नवं तेल करडईच्या तेलाच्या रंगाचं होतं. त्यानं हातपंपानं ते वरच्या तोंडातून भरलं, तोंडाशी येऊन ठिबकायला लागेपर्यंत. ठिबकणं थांबल्यावर नवा तांब्याचा वायसर घालून बोल्ट बसवला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "अम्मा का वजन कितना?"

"म्हणजे?"

"रिकामी गाडी घाटात नेऊन काय उपयोग? ओझं पाहिजे मागं."

माय किती वजनाची, मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, पोतंभर असेल. डॉक्टरसाहेबांकडं मंगळवेढ्याची ज्वारी आलेली होती. त्यातलं एक पोतं आम्ही मागच्या सीटवर आडवं घातलं. साहेब बाहेर आले, पोत्याकडं बघितलं आणि काठी टेकत पुढच्या सीटवर येऊन बसले.

"साहेब, तुम्ही कशाला?"

"वजन कमी पडायला नको की."

आणि पोत्याला पट्टा लावायला सांगितला त्यांनी. मी लावला.

तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. मी कान मागं ठेवून गाडी चालवत होतो. साहेबांना कमी ऐकू येतं, पण ते गंभीर चेहरा करून ऐकत होते, पेशंटच्या डोळ्यात बघतात तसे.

"येतोय का साहेब?"

"मला तर तुझ्या पोटातलाच येतोय. जेवला नाहीस का?"

घाटाला गाडी लागली. मी मुद्दाम जोर दिला, मुद्दाम वळणावर सोडला, परत दिला. काही नाही. गाडी न बोलता चढून गेली. तुळजापूर मागं टाकून आम्ही लातूरच्या रस्त्याला जरा पुढं गेलो, आणि तिथं सिमेंटचा रस्ता सुरू झाला. लगेच आला. गुंऽ.

"हा बघा साहेब. हाच."

साहेबांनी डोळे मिटले. मग काठीनं पुढचा रस्ता दाखवला. "कडेला घे. मातीवर." मी डावी चाकं मातीवर उतरवली. आवाज निम्मा झाला. सगळी गाडी मातीवर घेतली, आवाज गेला. परत सिमेंटवर घेतली, आला.

"हं," ते म्हणाले. "मघापासून गाडीची तपासणी चाललीय आणि आजार रस्त्याला."

सिमेंटवर बारीक आडव्या रेघा ओढलेल्या असतात, चाकं घसरू नयेत म्हणून. टायर त्यांच्यावरून धावले की गुणगुणतात. बायपासलाही सिमेंटच होतं. इतके दिवस मी रस्त्याचा आवाज गाडीच्या पोटात घालून झोपत होतो. मला हसू आलं, पण पुरतं येईना. कागदातलं कुसळ तर खरं होतंच.

गाडी वळवायला पुढं जागा होती, तिथं हिरवी पाटी होती. लातूर, नांदेड, नागपूर, आणि प्रत्येकाच्या पुढं आकडा. मी गाडी थांबवली, पण वळवायला हात उठेना. समोर रस्ता पांढरा, सरळ. टाकी भरलेली होती. मागं पोतं होतं पट्टा लावलेलं. वर्षातून एकदा बसच्या खिडकीतून हा रस्ता बघितला होता, नेहमी अर्ध्या झोपेत. स्टेअरिंग हातात घेऊन त्याच्या तोंडाशी कधी उभा नव्हतो.

साहेब कानडीत काहीतरी पुटपुटले आणि मराठीत म्हणाले, "उद्या जा की. आज पोतं घरी पोचव."

मी वळवली.

उस्तादनं त्याच संध्याकाळी परत उघडलं. वरचं आधी, मग खालचं. तेल नवंच होतं, म्हणून स्वच्छ घमेल्यावर मलमलचं धुतलेलं फडकं ताणून त्यातून गाळलं. फडक्यावर काही आलं नाही. बोल्ट त्यानं मला दिला.

"तूच बघ."

मी चुंबकावरून बोट फिरवलं. मग नख फिरवलं. नुसती ओल. उस्ताद म्हणाला, "जा के ले आ अम्माकू." आणि गाळलेलं तेल परत भरायला लागला.

मी तिला आणलं. तो प्रवास मी लिहीत नाही, तो माझा आहे. एवढंच सांगतो की तिनं मागच्या सीटवर गोधडी अंथरली, तीत कंबर रुतवली आणि आर्णी गाव मागं पडल्यावर विचारलं, "हे गुंऽ गुंऽ काय करून राह्यलं?" मी म्हणालो, "रस्ता हाये मा." तिला ते पटलं. मला ते पटायला केवढं लागलं होतं.

खोलीचा जिना मी आणि साहेबांच्या स्वैपाकीणबाईंनी दोन्हीकडून धरून तिला चढवलं. ती कॉटवर बसली. उशी हातानं दाबून पाहिली. वर पत्र्याकडं बघितलं, खिडकीतून साहेबांच्या अंगणातला चाफा बघितला. मग जरा आडवी झाली, माझ्या जागेवर, आणि डोळे मिटले.

"बरं हाये," म्हणाली. "आता मले फोनवर समजन."

मला वाटलं होतं ती राहील. मी तिला खाली शेडशेजारच्या खोलीत जागा करून दिली. साहेब रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्याशी बोलत. एक अर्धा बहिरा, एक वऱ्हाडी, दोघांना एकमेकांचं निम्मं कळायचं आणि दोघं खूश. पण कडक भाकरी तिला चावेना. वरणात बुडवून ठेवायची आणि म्हणायची, "ह्या भाकरीनं दरवाजा अडकवता येते." पाणी तिला जड लागायचं. आमच्या गावात आता कापूस फुटला असन, हे ती मला सांगायची नाही, स्वैपाकीणबाईंना सांगायची.

मग एका दुपारी ती खोलीत नव्हती. घाबरून शोधलं. ती शेडमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती, दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून. गाडी बंद.

"इथं काहून बसली मा?"

"थंड वाटते इथं."

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "गाडी कशी हाये?"

"ठीक हाये की."

"तेलपाणी?"

"सगळं ठीक."

"हाव काय." एवढंच. आणि मला कळलं की मी त्या दिवशी त्या हिरव्या पाटीकडं जसं बघत होतो, तसं ती या गाडीकडं बघत होती. मी तिला इथं आणली आणि माझं घर इथं होईल असं धरून चाललो होतो. झालं एवढंच की तिचंही घर लांब गेलं.

गाडी घेऊन मी उस्तादकडं गेलो. म्हणालो, मागचं एकदा उघडून बघ.

"कायकू? अभी तो भरा."

"लांब गेलो होतो. बघ ना."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खड्ड्यात उतरला. वरचं तोंड उघडलं, करंगळी आत घातली, बाहेर काढून मला दाखवली. करडईच्या रंगाचं तेल, तोंडापर्यंत. मग खाली घमेलं धरून त्यानं खालचा बोल्ट सोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

या खेपेला मला वाटत होतं, काहीतरी निघावं. कुसळभर. एवढंसं. म्हणजे घरी जाऊन सांगता आलं असतं, थांब मा थोडी, गाडीचं काम निघालंय. ती म्हणाली असती, करून घे बापा, घाई कायची.

मी नखानं चुंबक खरवडला. नुसती ओल.

"क्या मंगता था रे तेरेकू?" उस्तादनं हळूच विचारलं. मी बोल्ट परत दिला. त्यानं फडक्यानं माझी बोटं पुसली, लहान पोराची पुसतात तशी, आणि म्हणाला, "वास राहू दे. तिला ओळखीचा आहे."

घरी आलो तर मायची पिशवी शेडच्या दाराशी होती. ती तिथंच चौकटीला धरून उभी होती. माझा हात तिनं हातात घेतला, नाकाशी नेला.

"झालं काय काम?"

"झालं," मी म्हणालो. "उद्या निघू."